पेशी वाचायला शिकवणारे पापानिकोलाऊ

ग्रीसमधील किमी गावी १८८३ साली जन्मलेले डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ १९१३मध्ये पत्नी आंद्रोमाखीसह न्यूयॉर्कला आले. इंग्रजी जेमतेम. वैद्यकाची पदवी आणि म्युनिकची डॉक्टरेट असूनही त्यांना गालिचे विकावे लागले. पत्नीने दुकानात बटणे शिवली.

पुढच्याच वर्षी कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात काम मिळाले. तिथे गिनीपिगच्या योनिमार्गातील पेशींचा अभ्यास करता करता ते स्त्रियांच्या नमुन्यांकडे वळले. आंद्रोमाखीने वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने दिले. निरोगी पेशी कशा दिसतात, हे त्यातून पक्के समजले. त्यामुळेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशी त्यांना वेगळ्या ओळखता आल्या: केंद्रक मोठे, गडद आणि वेडेवाकडे.

१९२८मध्ये त्यांनी हे निरीक्षण मांडले, पण फारसे कुणी मनावर घेतले नाही. ते मात्र सूक्ष्मदर्शकापासून हटले नाहीत. १९४१मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबतचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि चित्र पालटले. लक्षणे दिसण्याआधीच धोका दाखवणारी ‘पॅप टेस्ट’ जगभर रूढ झाली. १९६२मध्ये पापानिकोलाऊंचे निधन झाले.

आज संगणक काचपट्टीच्या प्रतिमेतून केंद्रकाचा आकार, कडा आणि गडदपणा मोजतो व संशयास्पद पेशी पुढे काढतो. साध्या दाहामुळेही पेशी बदलतात, म्हणून अंतिम निर्णय तज्ज्ञाचाच. यंत्र नवे असले, तरी ते शोधते त्या खुणा पापानिकोलाऊंनीच दाखवलेल्या. मात्र नमुनाच दिला नाही, तर तज्ज्ञ आणि यंत्र दोघेही हतबल. त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी टाळू नये.