समर्थांचा दिनक्रम

जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागात, घनसावंगी तालुक्यात, जांब नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावी सूर्याजीपंत ठोसर हे सूर्योपासक गृहस्थ राहात असत. 1608 साली, रामनवमीच्या दिवशी, त्यांची पत्नी राणूबाई यांना दुसरा मुलगा झाला. त्याचे नाव नारायण ठेवले. हाच पुढे समर्थ रामदास या नावाने महाराष्ट्रात प्रसिद्धीस आला.

नारायण लहान असतानाच वडील वारले. थोरला भाऊ गंगाधर शांत स्वभावाचा; नारायण मात्र झाडावर चढणारा, पाण्यात उड्या घेणारा, दिवसभर रानोमाळ हिंडणारा. त्याला संसारात गुंतवावे म्हणून आईने त्याच्या बाराव्या वर्षी लग्न ठरविले. त्या काळी मुहूर्ताची वेळ घटिकापात्रावर पाहात. पाण्यात सोडलेली ती छिद्राची वाटी बुडाली की घटका भरली. आसनगावच्या मांडवात अंतरपाट धरला गेला, भटजींनी सावधानतेचा उच्चार केला, आणि तो शब्द ऐकताच नारायण बोहल्यावरून पळाला. राणूबाईंनी त्याला पुन्हा पाहिले ते तब्बल चोवीस वर्षांनी.

पायी चालत तो नाशिकला पोहोचला. जवळच टाकळी येथे नंदिनी नदी गोदावरीला मिळते. तेथे तो बारा वर्षे राहिला. या मुलाला पहाटे हाक मारून उठविणारे कोणी नव्हते, वेळेवर जेवू घालणारे कोणी नव्हते. असा मुलगा स्वैर वागला असता तरी नवल नव्हते. पण नारायणाने स्वतःला फार कडक शिस्त लावून घेतली. परंपरा सांगते ती अशी: सूर्योदयापूर्वी उठावयाचे, सूर्यनमस्कार घालावयाचे, मग संगमावर पाण्यात उभे राहून सूर्य माथ्यावर येईपर्यंत जप करावयाचा. दुपारी पंचवटीत माधुकरी मागून एकदा जेवावयाचे. त्यानंतर ग्रंथवाचन, लेखन व पुराणश्रवण. अंधार पडला की टाकळीस परत. वाल्मीकी रामायणाची जी प्रत त्यांच्या हस्ताक्षरातील मानतात, ती धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेली आहे.

नमस्कारांची संख्या रोज बाराशे होती, असे म्हणतात. ती खरी असो वा भक्तांनी वाढविलेली असो, कोणा विद्यार्थ्याने तिचे अनुकरण करू नये. लक्षात घ्यावयाची गोष्ट वेगळीच आहे. झोपेची, उठण्याची, जेवणाची आणि श्रमाची वेळ बारा वर्षांत ढळली नाही. आणि ती वेळ सूर्यावरून ठरत असे.

याचे महत्त्व आज शास्त्राला अधिक उमगले आहे. आपल्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या वरच्या बाजूस, पेशींचा एक अगदी लहान पुंजका असतो. तेच शरीराचे घड्याळ. सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला म्हणजे ते रोज नव्याने लावले जाते. त्याच्या तालावर हृदयाचेही काम चालते. रात्री गाढ झोपेत नाडी मंदावते. निरोगी माणसाचा रक्तदाब दिवसापेक्षा साधारण दहा टक्के किंवा अधिक उतरतो, आणि हृदयाला व रक्तवाहिन्यांना तेवढा विसावा मिळतो. पहाटे जाग येण्याच्या सुमारास तो पुन्हा चढू लागतो. हृदयविकाराचे झटकेही सकाळच्या वेळी अधिक येतात. जे वर्षानुवर्षे रात्रपाळी करतात, किंवा आज दहाला तर उद्या दोनला झोपतात, त्यांच्यात रक्तदाबाचे व हृदयाचे विकार अधिक आढळतात. हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते, हे फळमाशीसारख्या क्षुद्र कीटकावरील प्रयोगांतून शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. समर्थांना यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांच्यापुढे सूर्य होता, आणि त्याच्याशी जुळवून घेण्याचा निश्चय होता.

टाकळीनंतरची बारा वर्षे त्यांनी हिंदुस्थानभर पायी प्रवास केला. परत येताना ते जांबेस गेले. वृद्ध आईची दृष्टी गेली होती. दारात उभ्या असलेल्या गोसाव्याचा आवाज तिने ओळखला, असे चरित्रकार लिहितात. आईजवळ काही दिवस राहून, तिची समजूत घालून समर्थ पुन्हा निघाले व 1644 च्या सुमारास कृष्णाकाठी आले. चाफळला राममंदिर उभारले. आज सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत मोडणाऱ्या गावी त्यांनी अकरा मारुती स्थापिले. तरुणांनी बलोपासना करावी, हा त्यांतील हेतू. अशक्त देहाने ना प्रपंच होतो ना परमार्थ, हे त्यांचे रोखठोक मत होते.

‘दासबोध’ हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ. पण त्यातही सामान्य माणसाचा दिवस कसा जावा, हे त्यांनी सांगून ठेविले आहे. प्रातःकाळी उठून काही पाठ करावे, शौच व स्नान उरकावे, पूजा करून काही फलाहार घ्यावा, मग कामधंद्यास लागावे. जेवणानंतर वाचन, चर्चा व एकांतात विचार करावा. एक क्षणही रिकामा जाऊ देऊ नये. संतवाङ्मयात असे साधे वेळापत्रक क्वचितच सापडते.

1682 साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, साताऱ्याजवळील सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला. त्यांची समाधी तेथे राममंदिराच्या तळघरात आहे. गडावर आजही पहाटे काकड आरती होते.