दातावर सापडला डोळ्यांच्या चिवट संसर्गाचा धागा! कोण होता डेल्फ्टचा कापड दुकानदार?

येवल्यात पैठणी घेताना जाणकार गिऱ्हाईक आधी पदर उलटा करून बघतं. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. कापडाचा धंदा असा नजरेवर चालतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातला एक कापड दुकानदार याच नजरेच्या जोरावर थेट जंतूंच्या जगात पोहोचला. त्याचं नाव अँटनी व्हॅन लेव्हेनहूक.

दुकानातून भिंगाकडे

लेव्हेनहूकचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ चा. वडील टोपल्या विणायचे, पण ते त्याच्या लहानपणीच वारले. सोळाव्या वर्षी तो ॲम्स्टरडॅममधल्या एका कापड व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि १६५४ मध्ये परत येऊन त्याने स्वतःचं दुकान थाटलं. धाग्याची प्रत बघायला कापडवाले भिंग वापरायचे. पुढे लेव्हेनहूक स्वतःच भिंगं घासू लागला. आयुष्यभरात त्याने ५०० हून अधिक भिंगं बनवली.

कॉलेजचं शिक्षण नाही, लॅटिन येत नाही. तरी १६७३ पासून तो लंडनच्या रॉयल सोसायटीला डच भाषेत पत्रं पाठवत राहिला. गाईगुरांचे डोळेही त्याने भिंगाखाली तपासले. १६७६ मध्ये पाण्यातल्या सूक्ष्म जिवांबद्दल त्याने लिहिलं, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. सोसायटीने स्वतः खात्री केली आणि १६८० मध्ये त्याला सभासद करून घेतलं.

व्हिनेगरचा प्रयोग

१६८३ मध्ये त्याने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून पाहिला. त्यात जीव वळवळत होते. मग त्याने कडक व्हिनेगरने चूळ भरली. तरी थरातले असंख्य जीव जिवंतच! तोच थर पाण्यात कालवून त्यात व्हिनेगर टाकलं, तर ते लगेच मेले. लेव्हेनहूकने अचूक निष्कर्ष काढला: व्हिनेगर फक्त वरच्या जिवांना मारतं, थराच्या आत पोहोचत नाही.

डोळ्याशी काय संबंध?

या थराला आज बायोफिल्म म्हणतात. जंतू एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. आतले जंतू मंदावतात. बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंवरच नीट काम करतात, त्यामुळे हे सुस्तावलेले जंतू वाचतात. कॉन्टॅक्ट लेन्स किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बसवलेली कृत्रिम लेन्स ही त्यांच्यासाठी आयती जागा.

म्हणूनच कधी कधी लॅबच्या रिपोर्टमध्ये औषध लागू पडतं, डोळ्यात मात्र कमी पडतं. कारण लॅबची नेहमीची चाचणी सुट्या जंतूंवर होते, म्हणजे कालवलेल्या थरासारखी. डोळ्याच्या आतल्या संसर्गात नुसते थेंब पुरत नाहीत. औषधाचं इंजेक्शन थेट डोळ्यात द्यावं लागतं. काही वेळा आतला जेलीसारखा भाग काढावा लागतो, क्वचित बसवलेली लेन्सही.

असा संसर्ग क्वचितच होतो, पण त्यात दृष्टी जाऊ शकते. ऑपरेशननंतर डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायला हवं. थर घट्ट होण्याआधी औषध पोहोचलं तर डोळा वाचण्याची शक्यता वाढते.

२६ ऑगस्ट १७२३ रोजी, वयाच्या नव्वदीत लेव्हेनहूक गेला. व्हिनेगर आत का पोहोचत नाही, हा त्याचा प्रश्न डोळ्यांचे डॉक्टर आजही सोडवत आहेत.