संपादकाचार्य बाबूराव विष्णू पराडकर
काशीच्या मराठी माणसाची हिंदी लेखणी

काशी आणि मराठी माणूस यांचे नाते सांगायचे म्हटले की आपल्याला गागाभट्ट आठवतात, विश्वनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्या पुण्यश्लोक अहल्याबाई आठवतात, भदैनीत जन्मलेली मनकर्णिका म्हणजे झाशीची राणी आठवते. घाट, वाडे, वेदपाठशाळा आणि अन्नछत्रे यांच्या रूपाने आपल्या पूर्वजांनी या नगरीत जे ठेवले ते आपण रोज पाहतो. पण आणखी एका क्षेत्रात काशीच्या मराठी मंडळींनी मोठे काम करून ठेवले आहे आणि त्याची आठवण आपल्या घरांतून हळूहळू पुसट होत चालली आहे. ते क्षेत्र म्हणजे वृत्तपत्रांचे.

१८४५ साली काशीतून 'बनारस अखबार' निघाला. हिंदी प्रदेशातून नागरी लिपीत निघालेले हे पहिले वृत्तपत्र मानले जाते. राजा शिवप्रसाद त्याचे आश्रयदाते होते, तर संपादक होते गोविंद रघुनाथ थत्ते. बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले त्याला तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती. थत्ते यांच्यापासून सुरू झालेली ही परंपरा ज्यांच्या हातून कळसाला पोचली, ते बाबूराव विष्णू पराडकर. हिंदी जगत त्यांना आदराने संपादकाचार्य म्हणते. त्यांच्या चरित्राची ही ओळख, विशेषतः आपल्या तरुण पिढीसाठी.

घराणे आणि शिक्षण

बाबूरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १८८३ रोजी काशीतच झाला. वडील विष्णुशास्त्री, आई अन्नपूर्णाबाई. मालवण परिसरातल्या पराड गावाशी या घराण्याचे नाते सांगितले जाते, आडनावही तेच सांगते. घरात संस्कृत विद्येचे वातावरण होते. वडिलांची नोकरी बिहारमध्ये असल्याने बाबूरावांचे शालेय शिक्षण तिकडे झाले. १९०० साली भागलपूरहून ते मॅट्रिक झाले. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी, पाठांतराला संस्कृत आणि पुढे कलकत्त्यात बंगाली. काशीकर मराठी मुलाच्या वाट्याला येणारी ही भाषांची शिदोरी त्यांना जन्मभर पुरली.

कलकत्त्यातले धडे

१९०६ साली ते कलकत्त्याला गेले. वंगभंगाच्या चळवळीने ते शहर तेव्हा पेटलेले होते. 'हिंदी बंगवासी' या पत्रात त्यांनी काही महिने उमेदवारी केली आणि मग 'हितवार्ता' या साप्ताहिकाचे संपादन हाती घेतले. अरविंद घोष ज्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते, तेथे ते हिंदी आणि मराठी शिकवीत असत.

कलकत्त्यात त्यांना खरा गुरू लाभला तो मामांच्या रूपाने. मामा म्हणजे सखाराम गणेश देउस्कर. देवघरजवळ वाढलेला हा मराठी माणूस बंगाली भाषेचा मान्यवर लेखक होता. इंग्रजी राजवटीत देशाची आर्थिक लूट कशी चालली आहे हे आकडेवारीनिशी सांगणारा 'देशेर कथा' हा त्यांचा ग्रंथ १९०४ साली निघाला आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. बाबूरावांनी तो 'देश की बात' या नावाने हिंदीत आणला.

देउस्कर 'हितवादी' या बंगाली पत्राचे संपादक होते. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली, तेव्हा मालकांनी त्यांना लोकमान्य टिळकांच्या विरोधात लिहिण्यास सांगितले. देउस्करांनी नकार दिला आणि संपादकपद सोडले. पगार मालक देतो, पण मत मालकाचे लिहायचे की आपले, हा प्रश्न वृत्तपत्राच्या धंद्यात प्रत्येकासमोर कधी ना कधी उभा राहतो. बाबूरावांनी त्याचे उत्तर आपल्याच घरात, वयाच्या चोविसाव्या वर्षी पाहिले.

१९११ साली ते अंबिकाप्रसाद वाजपेयी यांच्याबरोबर 'भारतमित्र'मध्ये संयुक्त संपादक झाले. दिवसा वृत्तपत्र आणि आतून क्रांतिकारकांशी संबंध, असे ते दिवस होते. १९१६ साली याच संशयावरून त्यांना अटक झाली आणि सुमारे साडेतीन वर्षे बंगालात त्यांना नजरकैदेत काढावी लागली. ऐन उमेदीची वर्षे अशी गेली. १९२० साली सुटका झाल्यावर ते काशीला परतले.

'आज'चा जन्म

त्याच वेळी काशीत बाबू शिवप्रसाद गुप्त एका दैनिकाची तयारी करीत होते. गुप्तजी मोठे श्रीमंत आणि तितकेच मोठे देशभक्त. काशी विद्यापीठाची स्थापना आणि पुढे भारतमाता मंदिराची उभारणी त्यांच्याच हातची. त्यांच्या ज्ञानमंडळातर्फे ५ सप्टेंबर १९२० रोजी, जन्माष्टमीच्या मुहूर्तावर 'आज' दैनिकाचा पहिला अंक निघाला. महिन्यापूर्वीच, १ ऑगस्टला लोकमान्य गेले होते आणि देश असहकाराच्या उंबरठ्यावर उभा होता. सुरुवातीला श्रीप्रकाश संपादक आणि पराडकर त्यांचे सहकारी होते. थोड्याच काळात सारी सूत्रे पराडकरांकडे आली आणि १९२४पासून ते प्रधान संपादक झाले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. 'आज' हे तटस्थ पत्र नव्हते आणि तसा आवही त्याने आणला नाही. देशाचे सर्व प्रकारचे स्वातंत्र्य हेच आपले ध्येय, असे पहिल्याच अंकात सांगून पराडकरांनी पत्र सुरू केले. आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे वाचकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पण ती बाजू पैसे घेऊन स्वीकारलेली नव्हती. विचाराने पक्के असणे आणि लेखणी भाड्याने देणे यांत फार मोठे अंतर आहे.

रणभेरी

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि सरकारने वृत्तपत्रांवर वटहुकूम लादला. 'आज'ची गळचेपी झाली, प्रकाशनात खंड पडला. तेव्हा काशीतून 'रणभेरी' नावाचे गुप्त पत्र निघू लागले. सायक्लोस्टाइलवर छापलेली ही पाने हातोहात गल्ल्यांतून फिरत आणि पोलीस यंत्र शोधत राहत. या उद्योगामागे पराडकर होते. याच धामधुमीत 'आज'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडून निषेध नोंदवला. लाठ्या खाणाऱ्या आणि तुरुंगात जाणाऱ्या देशबांधवांकडे पाहून वाचकाच्या मनात जो विचार येईल तोच आमचा अग्रलेख समजावा, अशा आशयाचा एवढाच मजकूर तेथे होता. कोरी जागाही किती बोलू शकते हे त्या दिवसांत काशीने पाहिले.

१९४२च्या आंदोलनात 'आज' पुन्हा बंद पडले. १९४३ ते १९४७ या काळात पराडकरांनी 'संसार' हे दैनिक चालवले आणि १९४७ साली ते 'आज'मध्ये परत आले.

शब्दांचे देणे

रोजचे दैनिक चालवायचे म्हणजे रोज इंग्रजी तारा येणार आणि त्यांतल्या नव्या कल्पनांना रात्रीतून हिंदी शब्द शोधावा लागणार. कोश पाहायला वेळ नसे, असले तरी कोशात तो शब्द नसे. येथे बाबूरावांच्या संस्कृतने आणि मराठीने मोठे काम केले. आज आपण सर्रास वापरतो त्यांतले कितीतरी शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. नावाआधी इंग्रजी मिस्टरऐवजी श्री, अनेक नावांआधी सर्वश्री, तसेच राष्ट्रपती आणि मुद्रास्फीति हे त्यांपैकी काही. महायुद्धाच्या काळात नोटा वाढल्या आणि महागाई भडकली, त्या प्रकाराला मराठीने चलनफुगवटा म्हटले आणि पराडकरांच्या हिंदीने मुद्रास्फीति. दोन्ही शब्दांत फुगण्याचीच कल्पना आहे, हे दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांना लगेच कळेल.

१९३८ साली सिमला येथे भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. घरी मराठी बोलणाऱ्या माणसाला हिंदी जगताने दिलेला हा मान होता.

वृंदावनचा इशारा

१९२५ साली वृंदावन येथे हिंदी संपादकांचे पहिले संमेलन भरले. अध्यक्ष होते पराडकर. त्या दिवसांत हिंदी पत्रे गरिबीत चालत. कागदाची उधारी, तुटके खिळे आणि तुटपुंजे ग्राहक. अशा वेळी अध्यक्षाने सुबत्तेची स्वप्ने दाखवावीत अशी अपेक्षा असणार. पराडकरांनी भविष्य सांगितले खरे, पण त्यात दिलासा कमी आणि इशारा जास्त होता.

त्यांच्या सांगण्याचा आशय असा, की पुढे आपली पत्रे आकाराने मोठी होतील, छपाई सुरेख होईल, चित्रे आणि विविध विषयांनी ती सजतील, ग्राहक लाखांनी मोजले जातील. मात्र पत्र काढण्यासाठी फार मोठे भांडवल लागेल आणि ते धनिकांकडे किंवा संघटित व्यापाऱ्यांकडेच असेल. संपादकांना पगार चांगला मिळेल, पण आजच्या गरीब संपादकाला जे स्वातंत्र्य आहे ते त्यांना राहणार नाही. पत्राला देह असेल, प्राण मात्र हरवलेला असेल.

या भाषणाला शंभर वर्षे झाली. वर्तमानपत्राच्या कचेरीत किंवा वृत्तवाहिनीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा, त्यातले किती खरे ठरले ते तो सांगेल.

खुर्ची

पराडकरांचे मोठेपण कळण्यासाठी त्यांच्या आजूबाजूला पाहावे लागते. 'आज'चे पहिले संपादक श्रीप्रकाश पुढे अनेक प्रांतांचे राज्यपाल झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा राज्यपालपदी तेच होते. ज्ञानमंडळाच्या इंग्रजी पत्राचे काम पाहिलेले संपूर्णानंद १९५४ साली उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. 'आज' आणि 'संसार'मध्ये लेखणी चालवलेले कमलापती त्रिपाठी १९७१ साली त्याच पदावर गेले आणि पुढे रेल्वेमंत्री झाले. ही सारी थोर माणसे होती आणि त्यांनी देशाची सेवाच केली. पण एवढे खरे, की काशीच्या त्या संपादकीय दालनातून सत्तेकडे जाणारा रस्ता सरळ आणि जवळचा होता. पराडकर त्या रस्त्याने गेले नाहीत. ज्यांच्यासाठी त्यांनी तुरुंग पत्करला तेच लोक दिल्ली-लखनौला राज्य करू लागले, आणि बाबूराव मात्र काशीत अग्रलेख लिहीत राहिले.

१२ जानेवारी १९५५ रोजी काशीतच त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत ते 'आज'चे संपादक होते. मैदागिन भागात उभे असलेले पराडकर स्मृती भवन हे काशीच्या पत्रकारांचे हक्काचे ठिकाण आहे. तेथून जाताना आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असते की हे नाव आपल्याच समाजातले आहे?

आपल्या मुलांसाठी

आज आपल्या समाजातली मुले-मुली पत्रकारितेचे शिक्षण घेतात. कोणी दिल्लीला राजकीय वार्ताहर होतो, कोणी एखाद्या कंपनीच्या जनसंपर्क विभागात जातो, कोणी नेत्याचा माध्यम सल्लागार होतो, कोणी उद्योगांची बाजू सरकार-दरबारी मांडण्याचे म्हणजे लॉबिंगचे काम करतो. ही सगळी कामे पोटापाण्याची आहेत आणि नीट केली तर प्रतिष्ठेचीही आहेत. एखाद्या संस्थेची बाजू अभ्यास करून, कागदपत्रांनिशी मंत्रालयात मांडणे यात कमीपणा काहीच नाही.

फक्त दोन भूमिकांची गल्लत होऊ नये. वकील कोणाचा आहे हे न्यायालयाला ठाऊक असते, म्हणूनच त्याचे बोलणे प्रामाणिक ठरते. एकाकडून पैसे घ्यायचे आणि वाचकाला मात्र बातमी म्हणून सांगायचे, यात फसवणूक आहे. बातमीदाराच्या ओळखी ही त्याची पुंजी असते. मंत्र्याशी ओळख बातमीसाठी वापरायची की कोणाचे काम करून देण्यासाठी, हा प्रश्न रोज पडतो आणि त्याचे उत्तर कोणी दुसरा देऊ शकत नाही. बाबूरावांनी बाजू घेतली ती पहिल्या अंकात जाहीर करून, आणि जन्मभर काम एकच केले. या व्यवसायात उतरणाऱ्या मुलांनी त्यांच्यापासून एवढे घेतले तरी पुष्कळ आहे.

ज्यांच्या घरी पराडकरांच्या आठवणी, जुने अंक किंवा छायाचित्रे असतील त्यांनी ती जपून ठेवावीत आणि मुलांना दाखवावीत. लोकमान्यांनी ज्या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्या उत्सवाच्या स्मरणिकेत वृत्तपत्राच्या या निष्ठावंत उपासकाचे स्मरण होणे उचितच आहे.

विद्येची देवता श्रीगणराय सर्वांना सुबुद्धी देवो. संपादकाचार्य बाबूराव विष्णू पराडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.