तक्रार दाबणं म्हणजे ‘बर्किंग’! एका खुन्याचं आडनाव इंग्रजीत क्रियापद कसं झालं?

पोलिसांनी गुन्हा नोंदवूनच घेतला नाही, तर त्याला भारतातल्या पोलिसी इंग्रजीत ‘बर्किंग’ म्हणतात. हा शब्द आलाय विल्यम बर्क या माणसाच्या आडनावावरून.

बर्कचा जन्म १७९२ चा, आयर्लंडमधला. कालव्याच्या खोदकामावर मजुरी करायला तो स्कॉटलंडला आला आणि पुढे एडिंबरात चपला-बूट दुरुस्त करू लागला. तिथे त्याची गाठ पडली विल्यम हेअरशी. हेअर गरिबांना राहायला भाड्याने जागा द्यायचा.

एडिंबरा तेव्हा वैद्यकीय शिक्षणाचं मोठं केंद्र होतं. शवविच्छेदन शिकायला मृतदेह लागायचे, पण कायद्याने मिळायचे अगदी मोजके. त्यामुळे कबरी उकरून प्रेतं विकणाऱ्यांचा धंदा जोरात होता.

नोव्हेंबर १८२७ मध्ये हेअरचा एक भाडेकरू आजाराने वारला. त्याच्याकडे ४ पौंड थकले होते. दोघांनी त्याचं प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शाळेत ७ पौंड १० शिलिंगला विकलं. कुणी काही विचारलं नाही. इथेच दोघांची भीड चेपली.

मग कुणी मरायची वाट बघणंही थांबलं. एकटी, गरीब माणसं हेरायची, दारू पाजायची आणि नाक-तोंड दाबून जीव घ्यायचा. अंगावर जखम नाही, त्यामुळे संशयही नाही. वर्षभरात असे १६ खून झाले.

३१ ऑक्टोबर १८२८ ला मार्गारेट डोकर्टी या बाईचा खून झाला. तिचा मृतदेह गवताखाली सापडला आणि बिंग फुटलं. पण पुरावा तोकडा होता. म्हणून हेअरला माफीचा साक्षीदार केलं आणि तो सुटला. नॉक्सवर खटलाच चालला नाही. फाशी एकट्या बर्कला झाली, २८ जानेवारी १८२९ रोजी. त्याच्याही देहाचं विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा आजही एडिंबरा विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

१८३२ मध्ये कायदा बदलला आणि बेवारस मृतदेह अभ्यासासाठी मिळू लागले. म्हणजे पुन्हा गरिबांचेच!

दरम्यान, बर्कच्या नावाचं क्रियापद झालं होतं. आधी अर्थ होता गुदमरवून मारणं. पुढे चर्चा, अहवाल, तक्रार गुपचूप दाबण्यालाही तोच शब्द लागू झाला. दोन्हीकडे रीत एकच, मागे खूण ठेवायची नाही. नोंदच नसलेल्या तक्रारीचीही कुठे खूण उरत नाही.