सातारच्या वकिलाची चौदा वर्षे

कोर्टकचेरीतले शब्द आपण रोज वापरतो, पण त्यांची कुळकथा सहसा विचारीत नाही. मी सांगलीत वाढलो. संस्थानी गावात सनद, दत्तक, खालसा हे शब्द वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात सहज येत. त्यांचा खरा अर्थ मला उमगला तो मात्र शेजारच्या साताऱ्याच्या रंगो बापूजी गुप्ते यांचे चरित्र वाचताना. या माणसाचे सारे आयुष्य अशा दोन-चार शब्दांच्या अर्थापायी खर्ची पडले.

रंगो बापूजी रोहिडखोऱ्याच्या देशपांड्यांपैकी. शिवरायांचे सोबती दादाजी नरसप्रभू यांचे ते वंशज. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने २५ सप्टेंबर १८१९ रोजी छत्रपती प्रतापसिंहांशी तह केला आणि साताऱ्याचे राज्य त्यांना व त्यांच्या वारसांना दिले. पुढे महाराजांवर कटाचे आरोप आले. गुन्हा कबूल करा, गादी राखा, असा मुंबईच्या गव्हर्नरांचा निरोप होता. महाराजांनी नकार दिला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून पुढे काशीला धाडण्यात आले. धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर बसले.

महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी विलायतेस गेले ते त्यांचे ‘वकील’ म्हणून. आज वकील म्हटले की काळा कोट आठवतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र ज्याच्यावर काम सोपवले आहे असा विश्वासातला माणूस. मराठेशाहीत दिल्ली, हैदराबादच्या दरबारी असत ते वकील म्हणजे राजदूतच. रंगो बापूजी लंडनला गेले ते या जुन्या अर्थाने. एका राजाने दुसऱ्या सत्तेकडे पाठवलेला प्रतिनिधी, ही त्यांची भूमिका. कंपनीच्या लेखी मात्र ते पदच्युत राजाचे कारभारी, एवढेच.

लंडनमध्ये त्यांनी कंपनीच्या भागधारकांच्या सभा गाठल्या, अर्ज छापले, जोसेफ ह्यूम यांच्यासारखे पार्लमेंटचे सभासद आपल्या बाजूला वळवले. वाद मुळात एका प्रश्नाचा होता. १८१९ चा कागद हा दोन राज्यांमधला तह, की धन्याने दिलेली बक्षिसी? तह असेल तर एका पक्षाला तो मनास येईल तेव्हा मोडता येत नाही. बक्षिसी असेल तर देणारा ती परत घेऊ शकतो.

१८४७ साली प्रतापसिंह काशीत वारले. ५ एप्रिल १८४८ रोजी आप्पासाहेबही गेले. दोघांनाही औरस पुत्र नव्हता, दोघांनीही दत्तक घेतले होते. आपल्या धर्मशास्त्रात दत्तकाला पुत्राचेच हक्क असतात. गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी इथे फोड केली. दत्तकाला खासगी मिळकत मिळेल, राज्य मिळणार नाही. म्हणजे घरापुरता तो मुलगा, राज्यापुरता कोणी नाही! मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी याला विरोध केला होता, तो टिकला नाही. सातारा खालसा झाले.

या धोरणाला इंग्रजीत ‘लॅप्स’ हा शब्द आहे. त्याचे मूळ लॅटिन, अर्थ घसरणे, निसटून पडणे. जणू राज्य कोणी घेतलेच नाही, ते आपसूक ओंजळीत पडले. विधिमंडळाच्या मराठीत हल्ली त्याला ‘व्यपगत होणे’ म्हणतात. आपल्या लोकांच्या तोंडी बसला तो मात्र ‘खालसा’. हा मूळचा महसुलातला शब्द. इनाम नसलेली, थेट सरकारात वसूल देणारी जमीन ती खालसा. इंग्रजी शब्दात घेणारा दिसत नाही. मराठी शब्दात सरकार दिसते आणि वसूलही दिसतो. मला आपला शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.

धनी गेला, राज्य गेले, तरी रंगो बापूजी १८५३ पर्यंत विलायतेत लढत राहिले. कर्जबाजारी होऊन परतले. १८५७ च्या उठावात साताऱ्यातला कट उघडकीस आला. ८ सप्टेंबर रोजी गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला, त्यांत त्यांचा मुलगा सीतारामही होता. ते स्वतः निसटले. त्यांच्या शिरावर इनाम लागले, पण ते सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत.

त्यानंतर पाच वर्षांनी, १८६२ साली, इंग्रज सरकारने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. साताऱ्याला जे नाकारले, तेच लेखी मान्य केले. ‘सनद’ म्हणजे मुळात टेकायचा आधार. सांगलीसारखी संस्थाने त्यानंतर टिकली ती ८ मार्च १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत. साताऱ्याच्या चार भिंतींवर सत्तावन्नच्या वीरांचे स्मारक आहे. पुढच्या खेपेला अजिंक्यताऱ्याकडे जाताना मुलांना घेऊन तिथे जरूर थांबा, आणि वकील या शब्दाचा जुना अर्थ त्यांना सांगा.