पंचवीस किलो टपालातून उभी राहिलेली विमान कंपनी

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एका इंजिनाचे ‘पुस मॉथ’ विमान मुंबईकडे झेपावले. विमानात प्रवासी नव्हते. सुमारे २५ किलो टपाल होते आणि चालकाच्या आसनावर होते २८ वर्षांचे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेले इंधन भरून घेऊन ते दुपारी जुहूला उतरले. तेथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय मालकीच्या नियमित विमानसेवेचा हा आरंभ होता.

जे. आर. डी. यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर कुटुंबाचे उन्हाळी वास्तव्य असे. विमानविद्येचे अग्रणी लुई ब्लेरिओ तेथे शेजारी होते. बालपणी लागलेली ही ओढ १० फेब्रुवारी १९२९ रोजी फळाला आली. भारतात देण्यात आलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला.

तथापि हवाई टपालाची मूळ कल्पना त्यांची नव्हती. ती व्हिन्सेंट यांची होती. ब्रिटिश हवाई दलातील हे माजी अधिकारी देशभर विमानोड्डाणांची प्रात्यक्षिके करीत हिंडले होते. लंडनहून इंपिरियल एअरवेजने येणारे टपाल कराचीपर्यंत त्वरेने पोहोचे. मुंबई व मद्रासकडील पुढचा प्रवास मात्र रेल्वेच्या गतीने होई. ही उणीव भरून काढण्याची त्यांची योजना जे. आर. डी. यांनी उचलून धरली. टाटा समूहातील ज्येष्ठ अधिकारी जॉन पीटरसन यांनी वृद्ध अध्यक्ष दोराबजी टाटा यांचे मन वळविले. प्रारंभीचे भांडवल होते २ लाख रुपये.

खरा अडसर होता सरकारचा. प्रारंभी मागितलेले अनुदान नाकारण्यात आले. वाटाघाटी लांबत गेल्या. अखेर एप्रिल १९३२ मध्ये झालेल्या करारानुसार कंपनीला केवळ वाहून नेलेल्या टपालाच्या प्रमाणात मोबदला मिळणार होता. टपाल कमी आले तरी विमान उडणारच. तोटा मात्र कंपनीचा. ही जोखीम पत्करल्यामुळे वक्तशीरपणा हेच खरे भांडवल ठरले. पत्रे वेळेवर पोहोचली, तरच लोक हवाई टपालाचे जादा शुल्क भरणार होते.

त्या मानाने साधनसामग्री तुटपुंजी होती. दोन लहान विमाने, मोजके वैमानिक व यंत्रज्ञ आणि जुहूची चिखलाळ जमीन. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जाई, तेव्हा सगळा पसारा पुण्याला हलवावा लागे. वाटेत वैमानिकाला मार्गदर्शन करणारी रेडिओ यंत्रणा नव्हती. तरीही पहिल्या वर्षात विमानांनी १ लाख ६० हजार मैलांचे अंतर कापले, १५५ प्रवासी आणि सुमारे १० टन टपाल वाहून नेले. वर्षाअखेरीस सुमारे ६० हजार रुपये नफा झाला. नियमिततेची सरकारी विमान वाहतूक खात्यानेही प्रशंसा केली.

पुढे मार्ग वाढले, विमाने मोठी झाली. १९४२ मध्ये युद्धकाळात इंग्लंडहून परतताना व्हिन्सेंट यांचे विमान बेपत्ता झाले. जे. आर. डी. यांचा सर्वांत जवळचा सहकारी हरपला. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचे रूपांतर एअर इंडिया या सार्वजनिक भागधारकांच्या कंपनीत झाले आणि ८ जून १९४८ रोजी मुंबई ते लंडन सेवा सुरू झाली.

१९५३ मध्ये विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. आपल्याशी पुरेशी सल्लामसलत न झाल्याचा सल त्यांना होता. तरीही आंतरराष्ट्रीय सेवेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि १९७८ पर्यंत सांभाळले. मालकी गेली, तरी सेवेच्या दर्जाविषयीची त्यांची काळजी सुटली नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई हे उड्डाण जुन्या धाटणीच्या विमानातून पुन्हा एकट्याने केले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न प्रदान झाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली. तिची पहिली कमाई मात्र टपालाच्या थैल्यांची होती.