एका बेटाची खतावणी

बँकेच्या नोकरीत एक सवय अंगवळणी पडली होती. दिवसाअखेर ताळा जुळला नाही, की नोंदी आणि बेरीज वेगवेगळ्या तपासायच्या. बेरीज चुकली म्हणून नोंदी खोट्या ठरत नाहीत. निवृत्तीनंतर पक्ष्यांविषयी वाचू लागलो तेव्हा हाइन्रिश गेटके हे नाव समोर आलं आणि ही जुनी सवय आठवली. पक्षिशास्त्रात या माणसाचं नाव मोठं. पण त्यांचं मोठेपण आणि त्यांची चूक, दोन्ही एकाच वहीतून निघालेली आहेत.

गेटकेंचा जन्म १८१४ सालचा, प्रशियातल्या प्रिट्सवाल्क गावचा. समुद्राची चित्रं काढायची म्हणून १८३७ मध्ये ते हेल्गोलँड बेटावर आले आणि कायमचे तिथलेच झाले. हे बेट उत्तर समुद्रात, जर्मनीच्या किनाऱ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. तांबडे कडे, चहूकडे पाणी, आणि आकार जेमतेम एक चौरस किलोमीटर. १८०७ पासून ते ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. पुढे गेटके तिथल्या गव्हर्नरच्या कचेरीत सचिव झाले. पोटापाण्यासाठी सरकारी कागद आणि जिवासाठी पक्षी, असा त्यांचा संसार चालला.

एवढ्याशा बेटावर पक्षी असून असणार किती? पण वसंतात आणि शरदात उत्तर युरोपातले पक्षी याच समुद्रावरून जातात. दमलेल्या, वाऱ्यानं भरकटलेल्या पक्ष्याला टेकायला दुसरी जमीनच नाही. अंधाऱ्या, ढगाळ रात्री दीपगृहाच्या उजेडाभोवती चंडोल हजारोंनी घिरट्या घालत. बेटावरच्या लोकांच्या दृष्टीनं हे सुगीचे दिवस. ते झुडपं लावून त्यांवर जाळी टाकत, कस्तुर पकडत आणि खात. गेटकेही बंदूक चालवत, पक्षी पेंढा भरून ठेवत. आज हे वाचताना मन कचरतं. पण दुर्बिणीच्या भरवशावर पक्षी ओळखण्याचा तो काळ नव्हता. हातात पक्षी नसेल तर विद्वान विश्वास ठेवत नसत.

फरक इतकाच, की इतरांचे पक्षी स्वयंपाकघरात गेले आणि गेटकेंचे वहीत. वारा कुठला, आभाळ कसं, कोणता पक्षी कधी आला, हे त्यांनी सुमारे पन्नास वर्षं लिहिलं. एवढ्या बेटावर जवळजवळ चारशे जातींची नोंद झाली. त्यात पिवळ्या भुवईचा एक पर्णवटवट्या आहे, वजन सहा-सात ग्रॅम. घरटं सायबेरियात, हिवाळा आग्नेय आशियात. तो पश्चिमेला इतक्या लांब एकदा दिसला असता, तर वाट चुकला म्हणून सोडून देता आलं असतं. गेटकेंच्या वहीत तो शरदात पुन्हा पुन्हा आला. आज पश्चिम युरोपच्या किनाऱ्यांवर पक्षिनिरीक्षक दर शरदात त्याची वाट पाहतात.

१८९० मध्ये बेट जर्मनीकडे गेलं. पुढच्याच वर्षी, सत्त्याहत्तराव्या वर्षी, गेटकेंचं पुस्तक जर्मन भाषेत प्रसिद्ध झालं. १८९५ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर आलं. चूक आहे ती याच पुस्तकात. निळ्या गळ्यावर तांबूस ठिपका मिरवणारा ब्लूथ्रोट त्यांना वसंतात बेटावर मिळे. तो हिवाळ्यात इजिप्तकडे असतो हे ठाऊक होतं. मधल्या देशांतून मात्र त्याची खबर जवळजवळ नव्हतीच. त्यावरून गेटकेंनी ठरवलं, की हा चिमणीएवढा पक्षी संध्याकाळी आफ्रिकेतून निघतो आणि एका रात्रीत हेल्गोलँडला पोचतो. म्हणजे वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर! प्रत्यक्षात असे लहान पक्षी साधारण ताशी तीस ते पन्नास किलोमीटर वेगानं उडतात आणि वाटेत मुक्काम करत जातात. मधल्या झाडोऱ्यात ते कुणाला दिसले नव्हते, इतकंच.

ज्यानं आयुष्यभर नोंदी केल्या, त्याच्याकडून हे व्हावं? मला वाटतं, त्याच्याकडूनच होतं. आपली खतावणी चोख असली, की खतावणीत नाही तो व्यवहार झालाच नाही असं वाटू लागतं. हा मोह मी खुर्चीत बसून अनुभवला आहे.

गेटके १ जानेवारी १८९७ रोजी हेल्गोलँडवरच वारले. दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकानं पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालायला पद्धतशीर सुरुवात केली. नुसत्या तर्काची गरज कमी होऊ लागली. १९१० मध्ये हेल्गोलँडवर रीतसर पक्षिनिरीक्षण केंद्र उभं राहिलं, त्याला गेटकेंच्या पुस्तकाचंच नाव मिळालं. कस्तुर धरण्याच्या झुडपांच्या युक्तीवरून तिथे मोठा पिंजरा तयार झाला. त्यात पक्षी पकडायचे, कडं घालायचं आणि सोडून द्यायचे. बर्लिनला शिकायला गेलेले आपले सालिम अली हे कडं घालण्याचं काम या बेटावर शिकले. १९३० मध्ये ते परतले आणि अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीची घरटी न्याहाळत बसले.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी बेट उद्ध्वस्त झालं. १९५२ मध्ये ते जर्मनीला परत मिळालं आणि केंद्र पुन्हा सुरू झालं. गेटकेंचा वेगाचा हिशेब केव्हाच रद्द झाला आहे. तारखा मात्र उभ्या आहेत. पूर्वी कोणता पक्षी केव्हा येई हे पाहायचं, तर अभ्यासकाला त्यांच्याकडे जावंच लागतं.

ब्लूथ्रोट हिवाळ्यात आपल्याकडेही येतो, पाणथळीच्या गवतात खालून पळतो. माझ्या वहीत तो मोजक्याच वेळा आहे. त्या नोंदींच्या शेजारी मी आता आणखी एक रकाना आखला आहे: किती वेळ पाहिलं, आणि कुठली बाजू पाहायची राहून गेली.